खुर्ची रिकामी नव्हती

हॅलो?… अगं, तुलाच लावत होते मी!… आभार नंतर मान. आधी सांग, ती खुर्ची कुठंय?… खुर्ची गं! परवा माझ्या दवाखान्यातून नेलीस ती. मला परत हवी. आत्ता… हो, मीच दिली. मीच म्हटलं, डुगडुगते, घेऊन जा, जागा मोकळी होईल… अगं ऐक ना!

माझ्याकडे एक गृहस्थ येतात… नाव नाही सांगणार. खरं तर एवढंही सांगायला नको. बायको गेली त्यांची. त्या खुर्चीवर ती बसते… बसते म्हणजे, गेलीये ती! रिकामी खुर्ची समोर ठेवायची आणि आपलं माणूस तिथे आहे असं समजून बोलायचं. आमच्या उपचाराची रीतच आहे तशी… हसू नकोस. हो, बोर्डावर 'मनासोबत आत्म्याचाही विचार' असं मीच लिहिलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान… माहितीये, पुढचं नको बोलूस.

किती महिने नुसते बसून जायचे गं. तोंडातून शब्द नाही. गेल्या वेळी पहिल्यांदा बोलले. काय म्हणाले असतील? 'सावकाश बस, डुगडुगतीये.' आणि वाकून, खिशातल्या बसच्या तिकिटाची घडी करून खुर्चीच्या पायाखाली सरकवली… हो ना. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आज ते तिची माफी मागणार होते. शेवटच्या दिवशी भांडून कामावर गेले होते ते. आणि मी? नवा सोफा आला, त्या नादात… मला आठवलंच नाही! लाज वाटते गं स्वतःची.

दुसरी कशी चालेल? मला दुसरी बहीण चालेल का?… चालेल म्हणतेस! गप्प बस. चारला येतील ते. गाडीत टाक आणि घेऊन ये…

काय?… कापले? चारही पाय?… डुगडुगू नये म्हणून?… आणि वर कुंडी ठेवलीस… नाही, तुझ्या नवऱ्याची काय चूक. पायावर धोंडा मीच पाडून घेतला.

थांब, थांब… आले गं. लवकर आलेत. दार उघडंच होतं… हळू बोल ना! मी आतल्या खोलीत आहे, इथून दिसतायत… सोफ्याकडे बघत उभेत… वाकले… अगं, ती तिकिटाची घडी तिथेच राहिलीये जमिनीवर… उचलली त्यांनी. झटकली. खिशात ठेवली.

अगं, दाराकडे निघाले!

काय सांगू? दुरुस्तीला दिलीये म्हणू?… हं… नाही. नको. त्यांच्याशी खोटं नाही बोलायचं मला. ठेवते मी, ठेवते… अहो! अहो, थांबा, जाऊ नका! त्या आपणहून नाही गेल्या… मीच उठवलं त्यांना!