सरासरी बाराचे गुरुजी

हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत उभी होते. मागे एक गुरुजी आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई बोलत होते.

“यंदा आईंच्या श्राद्धाला दुसरे गुरुजी ठरवलेत म्हणे?”

“हो. बाराची वेळ चुकून चालत नाही.”

“अहो, मी सरासरी बारालाच येतो!”

“एकदा दहाला आलात, एकदा दोनला. सरासरी बारा, पण फैलाव चार तासांचा.”

“आणि ते? दरवेळी पंधरा मिनिटं लेट!”

“दरवेळी पंधराच. त्यांना पावणेबारा सांगितलं की झालं. तुम्हाला काय सांगू?”

“बेटा, माझ्या आजोबांना पाहून बालाजी घाटावर लोक घड्याळं लावत.”

हे खरं. आमच्या घरचं घड्याळही त्यांना पाहूनच लागे.

“म्हणजे मी यायचंच नाही?”

“या ना, जेवायला या. पान दहापासून दोनपर्यंत मांडून ठेवते.”