बाईंनी बंद होऊ न दिलेली खिडकी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, छपाई आणि बांधणीच्या धंद्यातली वडीलधारी मंडळी, आमच्या कारखान्यातले सहकारी, आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले माझे मोठे भाऊजी, आपणा सर्वांना नमस्कार.

कारखान्याला साठ वर्षं झाली म्हणून हा समारंभ ठरला, तेव्हा सत्कार व्हायचा होता तो आमच्या सासूबाईंचा. बाजारात त्यांना सगळे बाई म्हणत, घरात आम्ही आई. आजची तारीख त्यांनीच पक्की केली आणि महिनाभर आधी, एक्याण्णवाव्या वर्षी, स्वतः मात्र निघून गेल्या. "कार्यक्रम रद्द करू नका, आणि रडायचंच असेल तर ते घरी उरका," असं बजावून गेल्या.

तेव्हा मी रडणार नाही. पण मला एक उत्तर द्यायचं आहे. जाण्याआधी आईंनी घरातल्या सगळ्यांसमोर कारखाना माझ्या हाती सोपवला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी भाऊजींकडे. चाळीस वर्षं ते कटिंग मशीनवर उभे आहेत, त्यांनी कापलेल्या कागदाला कुणीही खुशाल पट्टी लावून पाहावी. मी धाकटी सून. महिना झाला, मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. आज घरून निघताना मात्र 'नाही' असंच ठरवून निघाले होते.

का नाही? अहो, माझा हात मुळातच वाकडा. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा आईंनी शिक्षण विचारलं नाही, वय विचारलं नाही. समोर वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाल्या, "घडी घाल बघू." मी घातली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. घडी शिकेल." पस्तीस वर्षं झाली, अजून शिकतेच आहे.

आता अध्यक्ष महाराजांची क्षमा मागून एक जुनी गोष्ट सांगते. सर, ही आपल्यालाही पुरती ठाऊक नाही. आपण आमच्याकडे बांधायला दिलेला प्रबंध टोळांवर होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाचा प्रबंध आला, शहराच्या पाणीपुरवठ्यावर. दोन्हींची शिलाई माझ्याकडे. मी नवी, उत्साह भारी. पाच प्रती शिवल्या, पुठ्ठा चढवला, सोनेरी अक्षरं ठोकली. आपला प्रबंध विद्यापीठात द्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी सहज एक प्रत उघडली, तर टोळांचं तिसरं प्रकरण जलवाहिन्यांनी सुरू होत होतं. पाचही प्रतींत.

मी भर कारखान्यात ओरडले, "आई, मी वाट लावली!" बारा माणसांचे हात थांबले. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडे नियम असा, की शिलाई ज्याची, उसवणंही त्याचंच. आईंनी प्रतींना बोटसुद्धा लावलं नाही. "किती वेळ लागेल?" "चार तास." घड्याळात अडीच वाजले होते आणि विद्यापीठाची प्रबंध घ्यायची खिडकी पाचला बंद होत असे. आईंनी पिशवीत सुई, दोरा, खळीचा डबा टाकला आणि चालू लागल्या.

मी पाचही प्रती घेऊन सातला धापा टाकत तिथं पोहोचले. सर, आपण बाकावर डोकं धरून बसला होता, आठवतंय? खिडकी उघडी होती. आत लेखनिकाच्या खुर्चीवर आई आवक नोंदवही उसवून बसल्या होत्या. "शिलाई सुटलीय हो, पानं गळून जातील," म्हणून त्यांनी ती पावणेपाचला हातात घेतली होती. नोंदवही टेबलावर उघडी पडलेली असताना कार्यालय बंद करायचं कसं? बिचारा लेखनिक दोनदा चहा पाजून मोकळा झाला होता. मला पाहताच आईंनी शेवटची गाठ मारली आणि म्हणाल्या, "घ्या, झाली. आता या मुलाचं लिहून घ्या." त्या वहीत त्या दिवसाची शेवटची नोंद आपली आहे, सर.

परतताना मी म्हटलं, "आई, मला या कामातून मोकळं करा." त्या चालता चालता म्हणाल्या, "चुकतात सगळेच. बाकीचे वरून खळ लावून झाकतात. तू ओरडलीस म्हणून तो पोरगा वाचला." मला तेव्हा वाटलं, समजूत घालताहेत. गेल्या महिन्यात त्यांनी कारण न सांगता माझं नाव घेतलं, तेव्हाही मला कळलं नव्हतं. आत्ता, तुमच्यासमोर हे सांगताना कळतंय.

भाऊजी, तुमचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे आणि सरळच राहणार. तुमच्याशिवाय माझं एक दिवसही निभणार नाही, हे मी भर सभेत कबूल करते. तरीही आईंची जागा मी घेते आहे.

आपण सर्वांनी वेळ काढलात, आईंवर एवढी माया केलीत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो माझ्या घाईचा दोष समजा आणि पोटात घाला. घरातल्या मंडळींना एवढंच सांगते, की माझं उत्तर 'हो' आहे. कारखाना उद्या सकाळी नऊला उघडेल. भाऊजी, आजवर तुमच्या आधी तिथं आईंखेरीज कुणी पोहोचलेलं नाही. उद्या मी पोहोचेन.