आईच्या डब्याची चकती

हॅलो?… हो, मीच. बोल चिमे… जरा मोठ्यानं, इथे मशीन चालू आहे… हो, माहीत आहे. आईचं ऑपरेशन थांबवलंय… कोणी म्हणजे? मीच थांबवलं.

ओरडू नकोस.

अगं ऐक ना. आईसमोर नको, आधी पॅसेजमध्ये ये… आलीस? हं. ऑपरेशनची हत्यारं ज्या डब्यात घालून आम्ही वाफवतो ना, त्याच्या झाकणाला भोकं असतात. आतून एक चकती बसवायची… हो, गाळणीच म्हण. वाफ आत जाते, नंतर जंतू जात नाहीत. पूर्वी कागदाची असायची, दर वेळी काढून टाकायची. आता आल्यात त्या पुन्हापुन्हा वापरायच्या… तेच सांगतेय. आत्ता कचऱ्याच्या बादलीत एक सापडली. आईच्या डब्यातली.

माझ्या हाताखालच्या पोरींना कशाला बोलतेस? त्या रोज भरतात, कधी चुकल्या नाहीत. मी इन्चार्ज झाल्यापासून डब्याला हात लावला नव्हता. पण खुब्याचं ऑपरेशन, त्यात आपली आई… म्हटलं, हा मीच भरणार. झाकण उघडलं, चकती काढली, टाकून दिली. हाताची जुनी सवय गं. नवी घ्यायला वळले, तेवढ्यात… जाऊ दे. कोणाचा का फोन असेना. झाकण तसंच लावलं, चकतीशिवाय.

हो, हो… थिएटरमध्ये झाकण बघतात. आज नाही बघितलं. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही स्वतः भरलाय म्हटल्यावर काय बघायचं… अति तिथं माती, दुसरं काय.

काय?… गप्प बसायचं? चिमे, असं कसं बोलतेस… कोणाला कळलं नसतं, खरंय. आणि हाडात पू झाला असता, तो कोणाला कळला असता?… रडू नकोस. मला बोल, हवं तेवढं बोल.

नाही, दुसरा सेट नाही… लावलाय ना परत, समोरच उभी आहे मशीनच्या. वाफ व्हायची, सुकायचा, मग गार व्हायचा. गरम काढला तर आत ओल राहते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न… घाई कशी करू? फुंकर मारू का?

डॉक्टर निघणार?… सांगितलंय त्यांना. हात जोडले. ते नुसते घड्याळाकडे बघत होते… पुढची तारीख? मला काय माहीत गं.

आईला काय सांगितलंस?… मशीन बिघडलं? बरं केलंस… अगं, तिला फोन नको… चिमे, नको देऊस…

आई… हो, मीच. दुखतंय का फार?… पाणी नको पिऊस, थोडा दम धर… हो, मशीनच. चालू झालंय आता… नाही, डबा पोरींनी भरला. मी हात नाही लावला…

नको? पोरींचा नको?

…आई, असं नको म्हणूस. त्या चांगलं भरतात… माझ्यावर विश्वास आहे, माहीत आहे मला. सगळ्या वॉर्डला सांगत असतेस… आई, ऐक. मशीन नव्हतं बिघडलं. तो पहिला डबा मीच भरला होता.

…हॅलो?

आई, ऐकलंस का?… हॅलो?