दोऱ्यावरची गाठ

अकोल्यातल्या मोबाईलच्या दुकानात माझ्यापुढे पातूरच्या एक आजी होत्या. नातीच्या टॅबलेटसाठी त्यांना कीबोर्डवालं कव्हर हवं होतं. दुकानदारानं कव्हरचा सीलबंद डब्बा पुढे ठेवत विचारलं,

"टॅबलेट कुठी आहे, आजी?"

"नात त्याच्यावर अभ्यास करून राहिली. म्या दोऱ्यानं माप आणलं."

"वा! चपलेचं आणता तसं?"

"चप्पल पायात घालून तरी पायता येते. तुह्या डब्ब्याले सील हाय. आमचा दहाव्या जनरेशनचा हाय म्हणे."

"दहा इंची ना? मंग बसते. जनरेशन आठवी असो का दहावी."

"मंग डब्ब्यावर आठवीच काहून लिहिली?"

"कंपनीले लिहायची सवय असते."

"अन् तुले न वाचायची. खोल."

"घ्या, खोललं. लावा दोरा."

"ही गाठ म्हंजे चार्जिंगचं भोक. पाय, कुठी आली?"

"जराशी कव्हराखाली दबली. तेवढं चालते."

"परवा तिची टॅबलेटवरच तीन तासांची परीक्षा हाय. बॅटरी टिकते एक तास. उरलेले दोन तास तू जाऊन बसशीन?"

"थांबा, अमरावतीहून दहावीचं बोलावतो. उद्या येते."

"उद्या येतो मी. तवर हे कव्हर दुसऱ्या कोणाच्या नातीले बसवू नको."