आलो की आले

फ्लोरेन्सच्या मठात मी लेखणीची पिसं द्यायला गेले होते. जाळीमागे म्हाताऱ्या ओर्सोलामाई पोथीची नक्कल करणाऱ्या एका तरुण ननला झापत होत्या.

"जिनेव्रा, मूळ प्रार्थनेत ‘पापी मी, तुझ्या दारी आलो’ असं आहे. तू ‘आले’ लिहिलंस!"

"हात आपसूक वळला, माई."

"पानोपानी?"

"पुढं मुद्दामच लिहिलं."

"अगं, पाद्रीबाबांनी पाहिलं तर पोथी चुलीत घालतील!"

"पण म्हणणार आपण बायकाच ना?... बरं, खरवडून काढते. चाकू इथंच आहे."

"थांब. मी जन्मभर ‘आलो’ म्हणत आले. देवाला वाटत असेल, दारात हा कोण बाप्या उभा!"

"मग चाकू ठेवून देऊ?"

"नको. आधी माझ्या पोथीतला ‘आलो’ खरवड."