पाटीवरची बारा नावं

अध्यक्षस्थानी विराजमान असलेले आपले प्रांताधिकारी अबी-ताब, त्यांच्या शेजारी बसलेल्या मंदिराच्या मुख्य पुजारीणबाई, राजधानी अक्कदहून मुद्दाम आलेले राजाचे दूत, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते चिटणीस उबारुम, त्यांच्या पत्नी उम्मी-ताबत, आणि जवाच्या दारूचे घडे कधी उघडतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या शिपाई मित्रांनो,

मी झूझू, वेशीवरचा जुना शिपाई. मला बोलायला उभं केलं, ही आयोजकांची चूक. आता त्यांनीच ती निस्तरावी.

एकतीस वर्षं चिटणीसांनी अक्कदची पत्रं वाचली. कालवा कुणी उपसायचा, कुठल्या गावानं माणसं पाठवायची, कुणाला जगू द्यायचं, सगळं तळहाताएवढ्या मातीच्या पाटीवर. मी त्यातल्या एकाच पाटीबद्दल बोलणार आहे.

वीस वर्षांपूर्वी हे गाव बंड करून उठलं. कोठार जाळलं, अक्कदच्या अधिकाऱ्याला वेशीवर टांगलं. मग सेनापती दबलुम चालून आले. मी त्यांच्या फौजेत होतो. तेव्हा मी तुमचा नव्हतो. तीन दिवस आम्ही घराघरांतून माणसं ओढून काढली. सत्तेचाळीस जण हात बांधून खळ्यावर बसवले. आम्ही चौघे कुऱ्हाडी घेऊन उभे. तेवढ्यात अक्कदची पाटी आली.

"वाचा हो," दबलुम म्हणाले, "आणि लवकर आटपा. ऊन चढतंय."

चिटणीसांनी पाटी वाचली. म्हणाले, "यात बारा नावं आहेत. बाकीच्यांना कालव्याच्या कामावर लावा असं लिहिलंय."

"बारा? मला वाचता येत नाही म्हणून शेंड्या लावता? सगळेच्या सगळे कापा रे!"

चिटणीस आमच्या आणि त्या माणसांच्या मधे येऊन उभे राहिले. "पाटी राजाची आहे, सेनापती. त्यात नसलेला एक जरी मेला, तरी उत्तरात मी तसं लिहीन."

"कशानं लिहाल?" असं म्हणून दबलुमांनी त्यांचा उजवा हात मळणीच्या दगडावर दाबला आणि कुऱ्हाड घातली. दोन बोटं गेली. मी पाहत होतो. मंडळी, तो आवाज फार लहान असतो.

चिटणीसांनी हात अंगरख्यात गुंडाळला. "डाव्या हातानं लिहीन," एवढंच म्हणाले, आणि नावं वाचायला लागले. उत्तर राजाकडे जाणारच हे कळल्यावर दबलुमांनी पुन्हा अडवलं नाही.

सातवं नाव इली-अखीचं होतं. उम्मी-ताबतबाईंचा धाकटा भाऊ. तिथं ते थांबले. खळ्यावर वाचता येणारा दुसरा कुणी नव्हता. हे नाव गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? त्या पोरानं वर पाहिलं आणि म्हणाला, "भावोजी, वाचा."

त्यांनी वाचलं.

पुढे मी इथलाच झालो, तेव्हा एकदा त्यांना विचारलं, "का वाचलंत?" म्हणाले, "ते एक नाव गाळलं असतं, तर ती पाटी माझी झाली असती. मग बाकीच्या अकरांना मीच मारलं असतं, झूझू."

त्या दिवशी पस्तीस जण वाचले. त्यांतले नऊ आज या सभागृहात आहेत, त्यांची नातवंडं मागं दंगा करताहेत. उम्मी-ताबतबाई मात्र आठ वर्षं नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्याही काळात चिटणीसांनी त्यांना एक गोष्ट कधी सांगितली नाही.

ती मी सांगतो. सातव्या नावाला कुऱ्हाड चालवायची पाळी माझी होती. पहिला घाव नीट बसला नाही. दुसरा घालावा लागला.

चिटणीस, मान हलवू नका. निरोपाच्या दिवशी तुम्ही हे ओझं घरी नेऊ नये, म्हणून बोललो.

अध्यक्षांनी वेळ दिला, पुजारीणबाईंनी आशीर्वाद दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत. सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. केल्याची माफी मी मागत नाही, तेवढी माझी लायकी नाही.

उम्मी-ताबतबाई उठल्या आहेत. दाराजवळच्या मंडळींनी कृपया वाट द्यावी.