दर वेळी तीच चूक

मी त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत होतो असं मघाशी तुम्हाला म्हणालो — ते जरा बाजूला ठेवा, बाई, टिपून घेऊ नका. होतो की नव्हतो ह्याची मला आता खात्री वाटत नाहीये. मी काचेमागे उभा, दादा कोपऱ्यात लाकडी पडद्याआड, फ्लूट काखेत धरून बसलेला — हे मला दिसतं, अगदी स्वच्छ दिसतं. पण दादाने ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितलीय की काच त्याने दिलेली आणि मी फक्त तिच्यामागे जाऊन उभा राहिलो, असंही झालं असेल. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं मी, साक्षीदारांच्या स्मृतीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं — कुणी वाचलं नाही ते सोडा — म्हणून सांगतो, माझी साक्ष धरू नका. दादाची धरा. तेवढंच मागणं आहे. या, इकडे स्वयंपाकघरात बसू. आणि ते दार ओढून घ्या. नाही, पूर्ण. बाहेर दादाला ऐकू सगळं येतं. बोलणं गेलं, माणसं ओळखणं गेलं, पण कान शाबूत आहेत — माझेच गेलेत, म्हणून मी जरा मोठ्याने बोलतो आणि मग घाबरतो. मोठ्याने बोलतोय का मी आत्ता? बरं.

बसा ना. चहा टाकू? नको तर नको. तुम्हाला घाई आहे, मला दिसतंय — तुम्ही इथून बाहेर पडलात की माझ्या पुतणीला फोन करणार, आणि सांगणार की तुमच्या वडलांना आता गाण्यातलंही कळत नाही. आणि मग ती त्यांना तुमच्या त्या वृद्धांच्या संस्थेत ठेवणार. पुतणी वाईट नाहीये हो. दादाची एकुलती एक, नोकरी सांभाळून रोज येते, मला म्हणते, काका, तुम्ही सकाळची गोळी संध्याकाळी घेता, तुम्ही बाबांना काय सांभाळणार. खरंच आहे. पण मी भांडलो — भांडलो म्हणजे काय, दाराशी उभा राहून तेच तेच बोलत राहिलो — तेव्हा ती म्हणाली, ठीक आहे, संस्थेतल्या संगीताच्या बाईंना बोलावते, त्या बघतील. बाबा अजून गाण्याबरोबर असतील तर राहू देत इथे. नसतील, तर काका, मग तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मी हो म्हणालो. मला वाटलं, ह्यात काय हरायचंय? रेकॉर्ड लागली की त्याची बोटं पांघरुणावर चालतात, हे तर आंधळ्यालाही दिसेल. तुमच्याकडे मी येऊन बघून आलोय. स्वच्छ आहे, नाही कशाला म्हणू. एका खोलीत चौघं, आणि भिंतीवर टीव्ही, दिवसभर. टीव्ही लागला की दादा हात पांघरुणाखाली घेतो. एवढंच होतं. हात आत जातात, आणि मग तो नसतोच.

काय सांगत होतो? हां, रेकॉर्डी. डॉक्टर म्हणाले होते, त्यांनी स्वतः वाजवलेलं त्यांना ऐकवा. आता गंमत बघा — दादाने स्वतःची एकही रेकॉर्ड कधी ऐकलेली नव्हती. घरात ठेवायचाच नाही. कुणी भेट दिली तर तो दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा. म्हणायचा, स्वतःचं उष्टं कोण खातं? वाजवलं, संपलं, घरी चला. त्या काळच्या बँडवाल्यांत असे बरेच होते म्हणतात, पण दादा त्यांतला कडवा. म्हणून पुतणीने बाहेरून मिळवल्या ह्या तीन. तिन्हींत तो लाकडी वाद्यांवर आहे — आणि त्यांतली फ्लूट धातूची, सॅक्सोफोन पितळेचा, तरी सगळ्यांना म्हणायचं लाकडी. मी एकदा त्याला म्हटलं, दादा, ही व्याख्या सदोष आहे. तर म्हणाला, पंडित, तुझ्या वर्गात बस आणि तिथे दोष काढ, इथे मला क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती भिजवू दे. पंडित म्हणायचा मला. कॉलेजात पहिला आलो तेव्हापासून. चांगल्या अर्थाने नाही.

तर पहिली रेकॉर्ड तुम्ही लावलीत, स्विंगची, नाचाच्या जॅझची — हॉटेलातला मोठा बँड, चार सॅक्सोफोन एका ओळीत, आणि मधेच दादा क्लॅरिनेट उचलतो. तेव्हा बोटं बरोबर होती ना? होतीच. तुम्ही हसलात, मी बघितलं. त्याने हात छातीसमोर आणले, क्लॅरिनेट धरतात तसे, आणि तुम्ही हसलात. मग ती दुसरी, सगळ्यांत शांत, ड्रम नाहीत काही नाही, एक चेलो, एक धातूच्या पट्ट्यांचा व्हायब्राफोन आणि दादाचं ते मोठं, खालच्या सुरांचं बास क्लॅरिनेट — खोलीत बसून चार मित्रांनी हळू बोलावं तशी. तीही बरोबर. हात खाली गेले मांडीपाशी, लांब वाद्य आहे ना, आणि जिथे त्याला थांबायचंय तिथे तो थांबला, जिथे यायचंय तिथे आला. हे तुम्हीच म्हणालात. माझे शब्द नाहीत. आणि मग ती लॅटिन अमेरिकन ढंगाची रेकॉर्ड लावलीत, जहाजाच्या चित्राची. तिथे तुम्ही मान हलवून काहीतरी टिपून घेतलंत.

नाही, माहीत आहे मला. तुम्ही येण्याआधीपासून माहीत होतं. म्हणजे ऐकू येत नाही, पण माहीत होतं. माझ्या कानांतून वरचे सूर गेले, बाई. फ्लूटचा सोलो सुरू झाला की मला नुसते ढोलके आणि खालचा बास ऐकू येतो, मधे काहीच नाही, जेवणाच्या टेबलावरून कुणी ताटच उचलून न्यावं तसं. म्हणून मी ऐकत नाही, बघतो. खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्यापाशी बसतो आणि बोटं बघतो. हात उजवीकडे जातात, आडवे, डाव्या हाताचा तळवा स्वतःकडे, उजव्याचा पलीकडे — म्हणजे फ्लूट आली. आणि मग बोटं चालतात. परवा पुतणी म्हणाली, काका, बाबांचं ह्या गाण्यात काहीतरी भलतंच चाललंय. तिला कान आहेत. तेव्हापासून माझी झोप गेलीय. म्हटलं, आज तुम्ही नेमकी तीच लावू नये. लपवूनही ठेवणार होतो, कपाटावर. मग वाटलं, ते फसवणं होईल. आता वाटतं, फसवायला हवं होतं.

पण मला एक सांगा. चुकणारा माणूस कसा चुकतो? मी चुकतो ना — आज गोळी संध्याकाळी घेईन, उद्या दोनदा घेईन, परवा घेणारच नाही. रोज निराळं. ज्याचं सुटलंय त्याचं सगळीकडून सुटतं. दादाचं तसं नाहीये. ह्या रेकॉर्डला तो दर वेळी तेच करतो. अगदी तेच. त्याच जागी उजवी करंगळी दाबून धरतो, लांब, मग एक बोट सोडतो, मग परत घेतो, जणू बोलता बोलता शब्द मागे घेतला. काल तेच, परवा तेच, तुमच्यासमोर आज तेच. दर वेळी तीच चूक — तिला चूक म्हणायचं का? मी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं, की नियमाने होतं त्याला अपघात म्हणू नका. अर्थात ते पास व्हायचे आणि विसरायचे. पण तुम्ही विचार करा. करताय ना?

मी शिकलोय ते. हो, बोटं. रोज बघून बघून. इथे टेबलावर करून दाखवू? हसू नका, माझी करंगळी नीट वाकत नाही. तुम्ही स्वतः फ्लूट शिकवता असं पुतणी म्हणाली, तेव्हा तुम्हाला वाचता येईल. हे बघा. असं सुरू होतं. मग हे. मग ही तीन एकदम, झटकन — मला तेवढं झटकन जमत नाही, तुम्ही समजून घ्या — मग ही करंगळी. धरली. अजून धरलीय. सोडली. घेतली. काय? परत करू? करतो. हळू करतो. ... काय म्हणालात? ओठ? ओठ हलत नाहीत त्याचे. मिटलेले असतात. हो, ते कळतं मला, की त्याच बोटांनी सूर वरचाही निघतो आणि खालचाही, फुंकेवर आहे ते. ते नाही सांगता येणार मला. ते आता कुणालाच नाही सांगता येणार. तुम्ही तुमच्या मनाने काहीही धरा.

तुम्ही गुणगुणताय का? थांबा — नाही, नाही, थांबू नका. खालच्या आवाजात येतंय, मला ऐकू येतंय. पुढे? पुढे हे, ही दोन. परत करंगळी. हां.

हं.

काय विचारत होतात? नाही, ठीक आहे, धूर गेला असेल माझ्या डोळ्यांत. गॅस बंद आहे, मला माहीत आहे गॅस बंद आहे. विचारा.

बसतंय? त्याच ढोलक्यांवर, त्याच बासवर बसतंय? मग झालं तर. मग तुम्हीच म्हणालात की तो गाण्याबरोबर आहे. — नाही? का नाही? हां. रेकॉर्डवरचा सोलो निराळा आहे. सूरच निराळे. तो दुसरंच काही वाजवतोय म्हणजे समोरचं ऐकत नाहीये, आणि ऐकत नसेल तर... कळलं. आणि तुमच्या वरचे लोक विचारतील, पुरावा काय. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच विचारलं असतं, आणि वर तळटीप मागितली असती.

कव्हर बघितलंत तुम्ही? मागे काय छापलंय? फ्लूट — आणि पुढे त्या पाहुण्या वादकाचं नाव. मोठा माणूस होता तो त्या काळी, नुसत्या नावावर रेकॉर्डी खपायच्या. दादाचं नाव कुठेच नाही. आणि दादाला त्याचं काही वाटायचं नाही, उलट हसायचा. जन्मभर हीच एक गोष्ट. चार पाहुणे जमले, मुलीचं लग्न ठरलं, माझा सत्कार झाला — तोसुद्धा माझाच — की हा सुरू. म्हणायचा, कंपनीने नाव त्याचं लावलं पण फुंक माझी आहे, त्या रेकॉर्डवर, जगभर लोक माझी फुंक ऐकतात आणि टाळ्या त्याला देतात, बिचारा, त्याला किती अवघडल्यासारखं होत असेल. आणि वहिनी म्हणायची, पुरे झालं, भाजी वाढू का. पुरे व्हायचं नाही. कुठल्याही दुसऱ्या वाजवण्याबद्दल तो बोलला नाही कधी. क्लॅरिनेटबद्दल विचारलं तर म्हणायचा, नोकरी होती. पण ही फुंक. काखेत धरून ऊब दिलेली फ्लूट, थंड राहिली तर सूर उतरतो म्हणून, आणि पडद्याआड एकटा, आणि एका दमात झालं. मला तर वाटतं त्या एका दिवसावर तो बाकीचे सगळे दिवस जगला. हॉटेल बंद झालं, बँड मोडला, लग्नांतून वाजवायची वेळ आली, मग दात गेले — तरी माणूस कधी कडवट झाला नाही. मला नाही जमलं ते. माझं पुस्तक कुणी वाचलं नाही तर मी दहा वर्षं कण्हत होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याने ती एकदा तरी लावून का नाही ऐकली. सांगितलं ना, उष्टं. आणि मी आग्रह केला नाही. कुणीच केला नाही, पण मी का केला नाही ते... हे दार नीट लागलंय ना? एकदा बघून या. मी बघतो. — लागलंय. बसलाय तसाच. रेकॉर्ड संपलीय, तरी हात उजवीकडेच आहेत. ह्याचीच मला भीती वाटते, बाई. क्लॅरिनेट संपलं की तो हात खाली ठेवतो. ही संपली की ठेवत नाही. मशीनकडे बघत बसतो, कुणीतरी मधेच बोलून गेल्यासारखा. मला वाटतं त्याला ऐकू येतंय की ते त्याचं नाही. आणि विचारायला त्याच्याकडे शब्द नाहीत. आणि असते तर माझ्याकडे उत्तर होतं, आणि मी दिलं नसतं.

हे मी पुतणीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण दुसरा रस्ता राहिला नाही, पण तुम्ही तिला ते फोनवर सांगू नका, ती बापाला जाऊन सांगेल, तिला वाटेल ह्याला काय कळतंय. तुम्ही फक्त एवढं म्हणा की ते गाण्याबरोबर आहेत. म्हणाल? तुमच्या तोंडावरून कळत नाही मला. पुरावा मागितला तर — नाही, पुरावा नाही. तेच सांगतोय. आता तुम्ही उठा, उशीर होतोय तुम्हाला. जाताना त्याच्यासमोर काही बोलू नका. चप्पल इकडून घाला.

थांबा, ऐका. त्या रेकॉर्डिंगनंतर पुष्कळ वर्षांनी मला तो रेकॉर्डिस्ट भेटला, निवृत्त, मुलाकडे राहायचा. त्याने आपणहून विचारलं, तुमचा भाऊ काय करतो हल्ली. म्हणाला, बँड टेपच्या एका पट्टीवर, ट्रॅक म्हणतात तिच्यावर, घेतला होता आणि दादाची फ्लूट वेगळ्या पट्टीवर. दुसऱ्या आठवड्यात तो पाहुणा वादक गावात आला, एका संध्याकाळपुरता. मग दादाच्या फ्लूटची पट्टी पुसली आणि तिच्यावर त्याला घेतलं. मी त्याला विचारलं, प्रत? नव्हती म्हणाला. त्याच्या स्मृतीवर विसंबू नये म्हणून मी त्याच्या मदतनिसालाही शोधून काढलं, वेगळं भेटलो, वेगळ्या शब्दांत विचारलं. त्यानेही तेच सांगितलं. प्रत काढलेली नव्हती.